ते पत्र तुम्हीच लिहिलंत, काका

भिरूडकाका, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि ते मी बोलणारच आहे, बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण आधी पोटातलं सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं पडेल. गेलं वर्षभर मी तुमच्यावर संशय घेत होते. तुमच्या अंत्यविधीला लोक एकेक करून पुढे जात होते, तुमचं कौतुक करत होते, आणि मी मागच्या रांगेत बसून मनाशी म्हणत होते की या माणसाने मला तोंडघशी पाडलं आणि स्वतः नामानिराळा राहिला. शेजारी माझा नवरा रडत होता. मी नाही रडले.

शंका घेणं हा माझा धंदाच आहे, हे तुम्हाला ओळख झाली त्याच दिवशी सांगितलं होतं. वेलिंग्टनच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात काय चुकलंय ते हुडकायचं आणि लिहून द्यायचं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तू चुगल्या करते." मी म्हटलं, हो, आणि त्याचा पगार घेते. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. तेव्हापासून मी तुमची 'पुणेकर' झाले. वैशाली हे माझं नाव तुम्ही फक्त रागावलात की घ्यायचात.

सात वर्षं झाली असतील. शनिवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन घरी निघाले होते. आमच्या अप्पर हट गावाच्या त्या टोकाला जुन्या इंजिनांची हौस असलेल्या मंडळींचं एक पत्र्याचं शेड आहे. रोज त्याच्यावरून जायचे, पण कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कुंपणाच्या जाळीला नाक लावून एक म्हातारा उभा होता. गळ्यात मफलर, पायात जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, आणि आतल्या इंजिनाला चक्क मराठीत विचारत होता, काय हाल केले वं तुझे यांनी. इकडे रस्त्यात अनोळखी मराठी कानावर पडलं की मी आधी दोन पावलं मागे सरते, कारण बहुतेक वेळा समोरच्याला विमा विकायचा असतो. तुम्हाला काहीच विकायचं नव्हतं. तुम्हाला आत जायचं होतं, आणि इंग्रजी बोलायला माणूस हवा होता.

त्या दिवशी आपल्याला आत घेतलं नाही, आठवतं? त्यांचा प्रमुख ग्रॅहम, जन्मभर प्लंबिंग केलेला, हत्तीसारखा माणूस, तुमच्या जँडल्सकडे बघून म्हणाला की शेडमध्ये उघडे पाय चालत नाहीत. तुम्ही पुढच्या शनिवारी जावयाचे गमबूट घालून हजर. दोन नंबर मोठे. ग्रॅहमने थट्टेनेच तुमच्या हातात एक हातोडी दिली. मग तुम्ही जे केलंत ते बघून त्या दहा-बारा निवृत्त किवी म्हाताऱ्यांची बोलतीच बंद झाली.

इंजिनाच्या भट्टीला दोन भिंती असतात, एक आतली आणि एक बाहेरची, आणि मध्ये उकळतं पाणी. त्या दोन भिंती बोटाएवढ्या जाड लोखंडी दांड्यांनी एकमेकींना धरलेल्या असतात. अशा शेकडो दांड्या. तुम्ही त्या हातोडीने एकेक ठोकत गेलात, कान भिंतीला लावून, डोळे मिटून. मग तीन ठिकाणी खडूने फुली मारलीत. नंतर उघडून बघितलं तर त्या तिन्ही दांड्या आतून तुटलेल्या. ग्रॅहम म्हणाला, स्वीट अ‍ॅझ, म्हणजे एकदम झकास, आणि त्या दिवसापासून बॉयलर तुमचा झाला. मी दुभाषी म्हणून आले होते, ती तिथेच रमले. पितळ घासायला लागले, तिकिटं फाडायला लागले. इकडे येऊन पंधरा वर्षं झाली होती काका, पण माझं म्हणावं असं ठिकाण मला त्या काजळीत मिळालं, आणि ते तुमच्यामुळे मिळालं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही.

ते इंजिन अमेरिकेत बांधलेलं होतं, हे कळल्यावर तुमचा चेहरा बघायला हवा होता. तुम्ही खानदेशातले, पण रेल्वेने तुम्हाला कुठल्या कुठल्या शेडांत फिरवलं. त्या शेडांतली मोठी इंजिनंही अमेरिकेतून आलेली, लढाईच्या काळात जहाजं भरभरून आणलेली. "मले त्या अमेरिकन इंजिनांनी पोसलं," असं तुम्ही सांगायचात. ती बांधणारे कारखाने मात्र तुम्ही नोकरीला लागायच्या आधीच बुडाले होते, आणि अमेरिकेतल्या लोकांनी स्वतःची इंजिनं केव्हाच कापून भंगारात घातली होती. ते तुम्हाला गिळवत नव्हतं. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणायचात, चित्रं बघायचात, आणि मला वाचून दाखवायला लावायचात.

आपलं कायमचं भांडण तेच. माझं म्हणणं सरळ होतं. डिझेल इंजिनाला दर थोड्या अंतरावर पाणी लागत नाही, राख काढायला माणूस लागत नाही, सकाळी तीन तास आधी येऊन पेटवावं लागत नाही. चांगली वस्तू आली, जुनी गेली. यात कट कसला आलाय? तुम्ही म्हणायचात, हे तुले कोणी सांगितलं, डिझेल विकणाऱ्यानं ना? तुमचं म्हणणं असं की वाफेची इंजिनं मेली नाहीत, मारली गेली. आधी वरून दुरुस्ती थांबवली. सुटा भाग मागितला की म्हणायचे, आता कशाला. मग इंजिन गळायला लागलं की कागद पुढे करायचे, बघा, हे किती बिघडतं. म्हातारीचं जेवण तोडायचं आणि मग म्हणायचं की हिच्यात जीवच राहिला नाही.

अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातल्या एका रेल्वेची गोष्ट तुम्ही मला किमान वीस वेळा सांगितलीत. सगळ्यांनी वाफ सोडली तरी ती धरून होती. शेडं अशी ठेवली होती की डिझेलवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. मग वर नवा साहेब आला आणि दोन-तीन वर्षांत खेळ खलास. त्या साहेबाचं नाव पुस्तकात आहे, त्याचा फोटो आहे. शेवटच्या इंजिनातली आग ज्या माणसाने काढली त्याचं नाव कुठेच नाही, याचा तुम्हाला भयंकर राग होता. मला तेव्हाच वाटायचं की कुठेतरी पाणी मुरतंय. सातासमुद्रापलीकडच्या, कधीच मेलेल्या साहेबावर कोणी इतकं चिडतं का? पण तुम्ही विषय बदलायचात आणि वांगी काढायचात.

त्या वांग्यांबद्दल लिहिलं नाही तर ग्रॅहम मला माफ करणार नाही. चांगली वांगी मिळवायला तुमचा जावई दर महिन्याला वेलिंग्टनच्या भाजीबाजारात जायचा. तुम्ही ती कोळशाच्या फावड्यावर ठेवून भट्टीच्या तोंडाशी धरायचात, सालं करपेपर्यंत. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वर शेंगदाणे. स्मोकोच्या वेळी, म्हणजे आमच्या दहाच्या चहाला, ते किवी म्हातारे बिस्किटं बाजूला सारून ब्रेडवर भरीत घेऊन खायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी परत वाटी पुढे. मी पुण्याची, भरीत गॅसवर भाजणारी. मला तुम्ही त्यातलं शेवटचं वाढायचात आणि म्हणायचात, हे खरं भरीत, तुमच्याकडे करतात ती चटणी.

आता पत्राकडे येते.

तुम्हाला इंग्रजी सगळं समजायचं, पण बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. शेडमध्ये बिघाडांची एक वही होती. त्यात तुम्ही लिहायचात, 'डावी बाजू बॅड'. ग्रॅहम डोकं खाजवत बसायचा. मग मी तुम्हाला माझ्या ऑफिसातली पद्धत शिकवली. तीन ओळी, नंबर घालून. एक, कुठे. दोन, काय दिसलं. तीन, काय दिसायला पाहिजे होतं. बस. 'मला वाटतं' लिहायचं नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही, रागावायचं नाही. तुम्हाला ते इतकं आवडलं की घरीही तेच सुरू झालं. तुमची लेक संगीता मला फोनवर हसत हसत सांगत होती: बाबांनी फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे. एक, किचन. दोन, चहा नाही. तीन, चहा असायला पाहिजे.

गेल्या वर्षी जुलैमध्ये शाळांना सुट्टी लागली. तीन शनिवार मुलांसाठी गाडी चालवायची, असं ठरलं होतं. पहिल्या शनिवारी सकाळी मी भट्टीची बाहेरची भिंत पुसत होते. त्या प्रत्येक दांडीच्या टोकाला बाहेरून एक बारीक भोक पाडलेलं असतं. दांडी आतून तडकली की त्या भोकातून पाणी ठिबकतं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं. तुम्हीच शिकवलं होतंत. डाव्या बाजूला चार भोकं मला चकाकताना दिसली. कोणीतरी त्यांत खिळे ठोकून, वरून घासून, ती बंद केली होती. चार दांड्या तुटल्या होत्या आणि ते दिसू नये अशी सोय केली होती.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तुमच्यापाशी आले.

"काका, ती भोकं तुम्ही बुजवलीत?"

"हो," तुम्ही म्हणालात. "तीन शनिवार जाऊ दे. मंग मीच उघडतो. तू बोलू नको."

आणि मी बोलले नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. जिचं पोट चुका लिहून देण्यावर चालतं, ती तुमच्यासाठी अळीमिळी गुपचिळी करून बसली. त्या दिवशी तुम्ही वाफ नेहमीपेक्षा कमी ठेवलीत, गाडी हळू चालवायला लावलीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मुलं बसली, शिट्टी वाजली, सगळं सुखरूप झालं. मी दिवसभर तिकिटं फाडत होते आणि एक डोळा त्या डाव्या बाजूवर ठेवून होते.

दुसऱ्या शनिवारी गाडी सुटायच्या आत बॉयलर इन्स्पेक्टर न सांगता दारात उभा. कशाला हात न लावता तो सरळ डाव्या बाजूला गेला, खिशातून चिमटा काढला आणि खिळे उपटले. चारही भोकांतून पाणी यायला लागलं. पाच मिनिटांत निकाल. इंजिन बंद, परवाना रद्द. तुम्ही भट्टीतली आग काढलीत, फावड्याने, निखारे खाली ओढून. जाताना इन्स्पेक्टरने ग्रॅहमच्या हातात एका निनावी पत्राची प्रत दिली. टाईप केलेलं होतं. तीन ओळी होत्या, नंबर घातलेले.

ग्रॅहमने ते मला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाला, असं लिहिणारं इथे एकच माणूस आहे. आम्हाला आधी सांगायचं होतंस, बाहेर का गेलीस? मी म्हटलं, पत्र मी लिहिलेलं नाही. हे खरं होतं. मग घाबरून पुढे म्हणाले, मला त्या भोकांचं काही माहीतच नव्हतं. हे खोटं होतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण त्यानंतर कोणीच माझ्याकडे बघेना. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चिंधीने हात पुसत होतात. तोंड उघडलंत, मिटलंत, आणि खाली बघितलंत. ही चोर सोडून संन्याशाला फाशी होती काका, आणि चोर समोर हात पुसत उभा होता. मी ओव्हरऑल तिथल्या तिथे काढून खुंटीला लावला आणि चालत घरी आले.

त्यानंतर मी हिशोब मांडत बसले. भोकांबद्दल दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. मी लिहिलं नाही, म्हणजे तुम्ही लिहिलंत. पण का? स्वतःच बुजवायची आणि स्वतःच कळवायचं, हा कुठला न्याय? मग एकेक शंका यायला लागली. तुम्हाला इंजिन थांबवायचं होतं, पण थांबवणारा म्हणून नाव नको होतं. म्हणून माझ्या पद्धतीने लिहिलंत, म्हणजे बोट माझ्याकडे जाईल. ते आपलेच म्हातारे मित्र, ते शनिवार, तो चहा, तुम्हाला सोडायचं नव्हतं. मला सोडणं सोपं होतं. अमेरिकेतला साहेब, तो साहेब असं सहा वर्षं माझं डोकं खाल्लंत आणि शेवटी स्वतः तसेच निघालात. असं मी म्हणत होते. ट्रेनमध्ये, अंघोळ करताना, ऑफिसात मीटिंग चालू असताना.

तुम्ही दर रविवारी सकाळी फोन करायचात. मी स्क्रीनवर नाव बघायचे आणि वाजू द्यायचे. एकदा संगीता सुपरमार्केटमध्ये भेटली, म्हणाली, बाबा तुझी फार आठवण काढतात गं. मी म्हटलं, हीप्स, ढिगाने काम आहे सध्या. मग एका रविवारी दारात भरिताचा डबा ठेवलेला होता. गॅसवर भाजलेलं होतं, वासावरूनच कळलं. भट्टी कुठे उरली होती? मी ते खाल्लं, डबा घासला आणि तुमच्या दारात नेऊन ठेवला. रिकामा. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, चमचाभर साखर तरी घालावी, हे माझ्या आईने मला शिकवलंय आणि तुम्हालाही तुमच्या आईने शिकवलं असणार. म्हणूनच मी रिकामा ठेवला. तुम्हाला समजावं म्हणून. त्यानंतर फोन थांबले.

आणि मग एका गुरुवारी संगीताचा फोन आला की बाबा सकाळी उठलेच नाहीत.

अंत्यविधीनंतर चहा आणि सँडविच होते. ग्रॅहम सूट घालून आला होता, बटणं लागत नव्हती. तो माझ्याकडे येताना दिसला तेव्हा मी कप ठेवून निघायच्या बेतात होते. तो समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की त्या वेळी आम्ही तुझ्याशी वाईट वागलो. मग म्हणाला, "म्हाताऱ्याने तुला वाचवायला काय काय केलं होतं, तुला माहीत असेलच."

मला काहीच माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं.

तेव्हा त्याने सांगितलं. मी ओव्हरऑल काढून गेले, त्याच्या पुढच्याच शनिवारी तुम्ही स्मोकोच्या वेळी उभे राहिलात. खिशातून कागद काढलात आणि इंग्रजीत वाचलंत. भोकं मी बुजवली, पत्र मी लिहिलं, वैशालीने काही केलं नाही, तिला परत बोलवा. ग्रॅहम म्हणाला, इतकं सुंदर, बिनचूक इंग्रजी आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे आम्हाला वाटलं, हे तूच लिहून दिलंयस. किंवा त्याच्या मुलीने. म्हातारा पोरीला पाठीशी घालतोय, भला माणूस आहे, असं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. तो परत परत सांगत राहिला. आम्ही त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो.

माझ्या हातातला कप कोणीतरी घेतला. मी ग्रॅहमला म्हटलं, "ते खरं सांगत होते. भोकं त्यांनी बुजवली होती. ती मी पाहिली होती आणि गप्प बसले होते. पत्र मी लिहिलं नाही."

एवढा मोठा माणूस, पण हॉलच्या पायरीवर खालीच बसला. मग म्हणाला की म्हणजे वर्षभर तो आमच्यात बसून आम्हाला खरं सांगत होता. थोड्या वेळाने उठताना म्हणाला, शनिवारी ये. मी येईन म्हटलं, पण मला तुमच्या संगीताशी आधी बोलायचं होतं.

संगीताला वाटत होतं मला सगळं माहीत आहे. तिने सांगितलं की ते तीन ओळींचं पत्र तुम्ही स्वतः दोन बोटांनी टाईप केलं होतंत, कोणाची मदत न घेता, कारण तेवढं एकच इंग्रजी तुम्हाला बिनधास्त लिहिता यायचं. दुसरं येतच नव्हतं, काका. मी काय काय रचलं होतं त्यावर. आणि ग्रॅहमने मला पकडलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. म्हणालात, मले तिथं शब्दच सापडले नाहीत, ती माझ्याकडे बघत होती आणि मले एक वाक्य जुळवता आलं नाही. मग तुम्ही मराठीत सांगत गेलात, संगीताने इंग्रजीत लिहून दिलं, आणि आठवडाभर रोज संध्याकाळी तुम्ही ते तिच्यासमोर म्हणून दाखवत होतात. उच्चार चुकला की परत पहिल्यापासून. चुकू नये म्हणून. नीट म्हटलं तर खरं वाटेल म्हणून.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट होती, ती ग्रॅहमने मला सांगितली नव्हती. बहुतेक त्याला ती समजलीच नसावी. संगीताला मात्र तुम्ही मराठीत सांगितलेलं तसंच्या तसं आठवत होतं. तिने ते मला तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"तिकडच्या शेडात शेवटच्या वर्षांत नवीन दांड्या येईनात. मले वरून सांगितलं, भोकं बुजव आणि चालव. मी बुजवली. जन्मभर त्या साहेबाले शिव्या दिल्या. इथं मले कोणीच सांगितलं नव्हतं. इथं मीच साहेब झालो."

मग मला सगळं कळलं. तो अमेरिकेतला साहेब, ते भांडण, तो राग कोणावर होता ते. तुम्ही मुलांना एकदा बसवलंत, दिवसभर जीव मुठीत धरलात, आणि घरी जाऊन स्वतःचंच नाव न घेता स्वतःविरुद्ध लिहिलंत. ग्रॅहमला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, दोनच शनिवार राहिलेत. म्हणून बाहेर लिहिलंत. चार दांड्या एका जागी तुटल्या म्हणजे आतली भिंतच गेलेली, अख्खी आतली भट्टी नवी करावी लागणार, ते या म्हाताऱ्यांच्याने होणार नाही, म्हणजे आग कायमची जाणार, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आता त्या रुळांवर एक ठेंगणं डिझेल डबे ओढतं. सकाळी किल्ली फिरवली की चालू. तुम्ही त्यावरही बसून मुलांना हात दाखवायचात म्हणे.

मी संगीताला विचारलं, हे त्यांनी मला का नाही सांगितलं? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला आपलीच लाज वाटली. ती म्हणाली, "अगं, म्हणून तर दर रविवारी फोन करायचे. तू उचललास की सांगतो म्हणायचे."

काका, भोकांबद्दल मी तुम्हाला सरळ विचारलं होतं आणि तुम्ही एका शब्दात खरं सांगितलं होतंत. पत्राबद्दल मी वर्षभर विचारत राहिले, ट्रेनमध्ये, अंघोळीत, मीटिंगमध्ये, ज्याला-त्याला मनातल्या मनात. फक्त तुम्हाला विचारलं नाही.